पाचव्या सवाष्णीचा कोड

नव्या रायपुरात राहायला आल्यापासून रमाबाईंना एकाच गोष्टीचा राग होता, तो म्हणजे इथं माणसंच नव्हती. रस्ते पाहावेत तर सहापदरी, झाडं ओळीनं लावलेली, दिवे भरदुपारीही जळताहेत. आणि कोथिंबिरीची एक जुडी हवी तर तीन किलोमीटर जा! जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या घरी, खिडकीतून नुसतं "अगं ए" म्हटलं की चार बाया जमायच्या. इथं त्या चार मजली इमारतीत सोळा फ्लॅट, त्यातले सात भरलेले. बाकीच्यांच्या दारांवर ठेकेदारानं चिकटवलेलं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

कुलपं मात्र सगळ्या दारांना एकजात नव्या तऱ्हेची. काळी पट्टी, तिच्यावर आकडे. बोट लावलं की आकडे निळे उजळायचे, सहा आकडी कोड टाकला की दार उघडायचं. कोड विसरलात तर पट्टीखाली एक झाकण, झाकणाआड किल्लीचं भोक. दार ओढून घेतलं की आपोआप बंद. कधी उघडलं, कोडनं की किल्लीनं, ते रमाबाईंच्या मोबाइलवर लिहून यायचं. आतल्या बाजूला एक लाल बटण होतं. ते दाबून ठेवलं की आतलं हँडल फिरत नसे, दार फक्त बाहेरून उघडायचं. बंगळुरूहून मुलगा अनिमेष म्हणाला होता, "आई, ते बटन लहान मुलांसाठी असतं."

रमाबाईंनी ते नवऱ्यासाठी वापरलं. वर चिकटपट्टी लावून टाकली, म्हणजे अच्युतरावांच्या लक्षातच येऊ नये. स्वतः बाहेर निघताना त्या बटण सोडायच्या आणि दार ओढण्याआधी पुन्हा दाबायच्या.

अच्युतराव एकतीस वर्षं रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवर बसलेले. वेटिंग दोनशेवर गेलेल्या माणसालाही हसून "या हं" म्हणायचे, आणि तो बिचारा शिव्या द्यायचं विसरून थँक्यू म्हणून जायचा. आता डोकं साथ देईना. आधी नातेवाइकांची नावं गेली, मग वार गेले, मग कोड. शिष्टाचार तेवढा शाबूत. गॅसवाला, धोबी, टीव्हीवर बातम्या सांगणारी पोट्टी, सगळ्यांना निरोप एकच, "या हं. परत या."

एप्रिलात ते घरातून निघून गेले होते. चव्वेचाळीस डिग्री ऊन. संध्याकाळी सापडले ते सात किलोमीटरवर, अर्धवट रस्त्याच्या टोकाला, जिथून पुढं नुसतं माळरान आहे. पायात चप्पल नाही, तळव्यांची सालटी निघालेली. "गाडी लेट आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्या तळव्यांना तूप लावताना रमाबाई ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसले आणि ठरवलं, हा माणूस पुन्हा माझ्या नजरेआड दाराबाहेर पाऊल टाकणार नाही. रमाबाईंनी ठरवलं म्हणजे ठरवलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं काढलेली बाई. फाइल हलली नाही तर साहेबाच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसायची आणि हलल्याशिवाय उठायची नाही.

पण घरच्या माणसाला कैदी तरी कसं करायचं? म्हणून दाराची किल्ली त्यांनी अच्युतरावांच्या जानव्याला बांधून दिली. आतून तिचा उपयोग शून्य, भोक बाहेरच्याच बाजूला. तरी दिवसातून दहादा ते ती चाचपायचे आणि शांत व्हायचे. किल्ली आपल्याजवळ आहे म्हणजे घर आपलं आहे, एवढं त्यांना कळत होतं.

भाद्रपद आला. महालक्ष्म्यांचे मुखवटे तात्यापाऱ्याहून इथं आले ते पहिल्यांदाच. रमाबाईंच्या सासरची रीत अशी, की महालक्ष्म्या घरात असल्या की तीन दिवस दिवसाउजेडी दार लावायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी जेवू घालायच्या. रीत ठरवली तेव्हा असली कुलपं कुठं होती! दार उघडं ठेवलं की कुलूप टीं टीं करत बोंबलायचं, आणि दुसऱ्या मिनिटाला अच्युतराव जिन्यात. रमाबाईंनी मखराकडे पाहून दोन्ही कान धरले आणि दार लावून घेतलं. तोडगा त्यांनी असा काढला, की आवतण द्यायला जाताना प्रत्येक सवाष्णीला कोडच सांगून टाकायचा. सरळ आत या, बाई. दार लावलंय खरं, पण तुमच्यासाठी नाही.

कोडही साधाच, तात्यापाऱ्यातल्या जुन्या टेलिफोनचा सहा आकडी नंबर.

कुंकवाचा करंडा घेऊन त्या चारही मजले फिरल्या. दोघी बिलासपूरच्या, एक ओडिया, एक वर्ध्याकडची नवी नवरी. चार झाल्या. पाचवी काही मिळेना. पाय दुखायला लागले तशा त्या तिसऱ्या मजल्यावर आपल्या दाराशी परत आल्या आणि समोरच्या तीनशे चार नंबरच्या दारावर त्यांची नजर गेली. आकडे निळे उजळलेले होते. कोणी नुकतंच बोट लावलं असावं.

'अरे वा, राहायला आले वाटतं,' म्हणत त्यांनी कडी वाजवली.

"कोन?" आतून बाईचा आवाज आला. दमलेला, पण गोड.

"समोरच्याच आम्ही. महालक्ष्म्या आल्या आमच्याकडे. उद्या सवाष्ण म्हणून जेवाले या."

"हव."

'हो' म्हणायचं हे इथलं 'हव' ऐकून रमाबाईंना बरं वाटलं. "दार उघडा न, कुंकू लावते."

"तिथंच लावा."

असेल बाई काही अडचणीत, अंघोळ करत असेल. घरी कोणी नसलं की चौकटीला बोट लावून यायची पद्धत आहेच. रमाबाईंनी चौकटीला हळद लावली, कुंकू लावलं, चार अक्षता टाकल्या.

"दार बंद असते ना तुमचं," आतून आवाज आला.

रमाबाई ओशाळल्या. चोरी पकडल्यासारखं झालं. "काय करू बाई, आमच्या ह्यांच्यापायी लावा लागते. कोड सांगते तुम्हाले," असं म्हणून त्या बंद दाराला तोंड लावून त्यांनी सहाही आकडे सांगितले. सावकाश, एकेक करून, नीट लक्षात राहावेत असे.

दुसऱ्या दिवशी पुरण झालं, आंबील झाली, पडवळाची कढी, सोळा भाज्या. चौघी आल्या, जेवल्या, ओटी घेऊन गेल्या. पाचवी आली नाही. आवतण दिलेल्या सवाष्णीचं पान कसं उचलायचं? रमाबाईंनी सगळं वाढून पान झाकून ठेवलं आणि अच्युतरावांना आतल्या खोलीत भरवायला बसल्या. बारा बावन्नला फोन वाजला. 'दार कोडनं उघडलं.'

"आल्या वाटतं!" म्हणत त्या हात धुऊन बाहेर आल्या. पाटावर कोणी नव्हतं. पान मात्र लख्ख पुसून खाल्लेलं होतं. पुरण नाही, कढी नाही, लिंबाची फोडसुद्धा चोखून ठेवलेली. डाव्या कोपऱ्यात वाढलेलं मीठ तेवढं होतं तसं, त्याला बोट लागलं नव्हतं.

पाचवी ओटी तबकात तशीच राहिली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड.

'घाई असेल,' रमाबाई स्वतःशी म्हणाल्या. पण ओटी न घेता सवाष्ण जाते, हे त्यांना काही पटलं नाही. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं विसर्जन करून त्या खाली गेल्या आणि वॉचमन भैय्यालालला विचारलं, तीनशे चारमध्ये कोण आलंय?

"उहां कोनो नइ रहय, दीदी," भैय्यालाल म्हणाला. "पज़ेशन ही नहीं लिया किसी ने. न कोड है किसी के पास, न चाबी."

रमाबाई वर येऊन समोरच्या दारापाशी उभ्या राहिल्या. चौकटीवरचं कुंकू ओलं होतं, जसं आत्ताच लावलंय. लावून दोन दिवस झाले होते.

पुढल्या दुपारी त्या अंघोळीला गेल्या आणि बारा बावन्नला फोन वाजला. कोडनं. ओल्या केसांनी त्या धावल्या. दार सताड उघडं. अच्युतराव समोरच्या दाराशी हात जोडून उभे होते.

"अहो! बाहेर कसे आले तुम्ही?"

"बाईंनी दार उघडलं," ते म्हणाले. "चाला म्हणे."

त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा बावन्न. या खेपेला समोरचं दार बोटभर उघडं होतं आणि अच्युतरावांचा हात त्या हँडलवर होता. रमाबाईंनी त्यांना मागं ओढलं तसं दार लागलं. कुलपाचा खट् आवाजही झाला नाही.

रमाबाई घाबरल्या का? घाबरल्याच. पण त्यांना त्याहून जास्त संताप आला. माझ्या घरात, माझं अन्न खाऊन, माझ्याच माणसाला हात घालते? त्याच संध्याकाळी त्यांनी अनिमेषला फोन लावला, तो सांगत गेला तशी बटणं दाबली आणि कोड बदलला. नवा नंबर त्यांनी तोंडानं उच्चारलाही नाही.

दुसऱ्या दुपारी बारा बावन्नला संदेश आला. 'दार किल्लीनं उघडलं.'

त्या आतून दाराला लागूनच बसल्या होत्या, भाजी निवडत. पाणी आणायला म्हणून ओट्यापर्यंत गेल्या तेवढ्यात! अच्युतराव उंबरा ओलांडत होते. रमाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं जानवं चाचपलं. गाठ होती. स्वतः मारलेली, दुहेरी. किल्ली नव्हती.

"किल्ली कुठं गेली?"

"बाई मागून राहिल्या होत्या," अच्युतराव म्हणाले. "नाही कसं म्हणा?"

सुताराला बोलावून रमाबाईंनी आतून जाडजूड कडी बसवून घेतली. ती एक दिवसही टिकली नाही, कारण ती अच्युतरावांनीच काढली. रमाबाईंनी डोक्याला हात लावला तर उलट तेच रागावले. "दारात बाई उभ्या आहेत आन मी कडी लावून बसू? काहून? असं शिकवलं का आपल्याले कोणी?"

अनिमेष म्हणाला, आई, इकडे निघून या. रमाबाई म्हणाल्या, "आणि तिथं हिनं कोड टाकला तर?" त्यावर तो हसला. त्या हसल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी पदराचं टोक अच्युतरावांच्या मनगटाला बांधलं. जेवताना, झोपताना, देवापुढं. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी रमाबाईंचा डोळा लागला, पाच मिनिटं, जास्त नाही. जाग आली तेव्हा पदराला गाठ होती आणि गाठीत काही नव्हतं.

बारा पंचावन्न झाले होते.

जिना रिकामा. खाली भैय्यालाल शपथेवर सांगत होता, कोणी उतरलं नाही. रमाबाई धापा टाकत वर आल्या. समोरच्या दारावर आकडे निळे उजळलेले होते.

त्यांनी एक क्षणही विचार केला नाही. आपला जुना कोड, टेलिफोनचा नंबर, त्या पट्टीवर दाबला.

दार उघडलं.

आत सामान नव्हतं. जमिनीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीत अनवाणी पावलं उमटलेली. एकाच माणसाची. पावलं हॉलच्या मध्यापर्यंत गेली होती आणि तिथं अच्युतराव मांडी घालून बसले होते. सदरा नीट सारखा केलेला, केस ओल्या हातानं बसवलेले.

त्यांच्यापुढं केळीचं पान मांडलं होतं. पानावर डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठ. बाकी काही नाही.

"अहो, उठा."

"असं कसं उठा?" ते हळूच म्हणाले. "बाईंनी जेवाले बोलावलं. आत्ता मीठ वाढलं. बाकीचं आणून राहिल्या."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

रमाबाईंनी अच्युतरावांना दोन्ही काखांत हात घालून उचललं. साठीच्या बाईत एवढं बळ कुठून आलं, ते त्यांनाही कळलं नाही. ओढत, फरफटत त्यांना उंबऱ्याबाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं. मग आपल्या घरात येऊन त्यांचं तोंड उघडून पाहिलं. जिभेवरून बोट फिरवून ते चाखून पाहिलं. मीठ लागलं नव्हतं, म्हणजे तिच्या घरचं त्यांनी अजून काही खाल्लं नव्हतं. तेव्हा कुठं त्यांच्या जिवात जीव आला.

तात्यापाऱ्यातल्या शांताबाई, अच्युतरावांच्या मावशी, नव्वदीच्या. त्यांना रमाबाईंनी फोनवर पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"आवतण तू देलं," शेवटी म्हातारी म्हणाली. "जेवू घातलं. आन ओटी न भरता ठेवली? मंग ते जाईन कशी? तिचं येणंच पुरं नाही झालं, बाई. पितृपक्ष लागाच्या आत तिची ओटी भर, कुंकू लाव, आन रवाना कर. पण ध्यानात ठेव, 'या' म्हणू नको. आपल्या तोंडाले खोड असते. 'जा' म्हण. साफ 'जा'."

सोपं का आहे ते? जन्मात रमाबाईंनी उंबऱ्यावरून कोणाला 'जा' म्हटलं नव्हतं. फसवून गेलेल्या भांडेवाल्यालासुद्धा 'या' म्हटलेलं. रात्रभर त्यांनी ओट्याशी उभं राहून घोकलं. जा. जा. जा. जीभ वळेना तशी त्यांनी स्वतःला दरडावलं. हा माणूस माझा आहे. त्याला माझं नाव आठवो न आठवो, मला त्याचं आठवतं. जा म्हणजे जा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, चांगल्या उजेडात, त्या ओटीचं तबक घेऊन बाहेर पडल्या. अच्युतरावांना एकटं ठेवायचं नव्हतं, म्हणून डाव्या हातानं त्यांचं मनगट पक्कं धरलेलं. आपलं दार ओढून लावलं. ते बंद झाल्याचा आवाज ऐकला. मग समोर वळल्या.

तबक त्यांनी उंबऱ्याशी ठेवलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, एकेक करून चौकटीला टेकवलं. ओल्या कुंकवावर नवं कुंकू लावलं.

"ओटी राहिली होती तुमची," त्या म्हणाल्या. "माझी चूक. आता भरली. जेवण झालं, ओटी झाली, तुमचं काही राहिलं नाही आमच्याकडे."

दाराआड कोणीतरी श्वास घेत होतं.

"आता जा."

दाराखालून काहीतरी सरकत आलं आणि त्यांच्या पायाशी थांबलं. किल्ली.

पट्टीवरचे निळे आकडे एकेक करून विझले. चौकटीवरचं कुंकू त्यांच्या डोळ्यांदेखत वाळलं आणि त्याचा भुगा खाली पडला. रमाबाईंनी वाकून किल्ली उचलली. तिच्यावर मिठाचे दोन कण होते, ते त्यांनी पदरानं पुसले. जमलं. देवा, जमलं!

"चला, घरी चला," त्या म्हणाल्या. हसू आणि रडू एकदमच आलं. आपल्या दाराकडे वळून त्यांनी कुलपाचं झाकण वर केलं.

अच्युतराव वळले नाहीत. समोरच्या बंद दाराकडे पाहत ते उभे होते. पाहुणी निघाली आहे आणि आपल्या बायकोनं हे काय तोंड केलं, असा त्यांना संकोच वाटत असावा. त्यांनी रमाबाईंच्या मुठीतून हात सोडवून घेतला. दोन्ही हात जोडले. रिझर्वेशन खिडकीवर हसायचे तसे हसले.

"या हं वहिनी," ते म्हणाले. "परत या. घर तुमचंच आहे."

"अहो, नाही..."

"हव."

आवाज तीनशे चारमधून आला नव्हता.

रमाबाईंच्या हातातली किल्ली अजून हातातच होती. आकड्यांना बोट लागलं नव्हतं. त्यांच्या घराचं दार, आल्यागेल्यासाठी घरची बाई उघडते तसं, आतून हळूच उघडलं.